नाट्यगृहातल्या अंधारात ट्रायपॉड कॉलर: कॅनन ७०-२०० एफ/४ साठीच्या तीन रिंगा

कॅननची ईएफ ७०-२०० एफ/४ एल आयएस लेन्स घेतली की खोक्यातून हूड निघतं, पिशवी निघते, ट्रायपॉड कॉलर, म्हणजे लेन्सभोवती बसणारी आणि खालच्या पायाने ट्रायपॉडवर लागणारी रिंग, मात्र निघत नाही. ती वेगळी घ्यायची. एफ/२.८ वाली ७०-२०० दीड किलोच्या घरात जाते, तिच्यासोबत कॉलर येते. ही ७६० ग्रॅमची, म्हणून हिला गरज नाही असा कंपनीचा हिशेब दिसतो. वजनापुरता तो मला पटतो. एवढ्या लेन्सने कॅमेऱ्याच्या बॉडीचा माउंट, म्हणजे लेन्स जिथे बसते ती जागा, खिळखिळा होतो असं फोटोग्राफीच्या ग्रुपांवर छातीठोकपणे सांगितलं जातं, त्यात तथ्य नाही. कॉलर घेण्याआधी मी ही लेन्स बिनधास्त बॉडीच्या आधाराने वापरली आहे आणि माउंट आजही पहिल्यासारखा घट्ट आहे.

तरीही ज्यांना उभ्या आणि आडव्या चौकटीत सारखी अदलाबदल करावी लागते त्यांना मी ही कॉलर घ्यायला सांगते. आणि घेताना ती किती घट्ट बसते हे बघण्याआधी सैल केल्यावर कशी फिरते ते बघा, असंही सांगते. घट्ट सगळ्याच बसतात. तीन वेगवेगळ्या रिंगा याच लेन्सवर वापरल्यावर माझं हे मत पक्कं झालं आहे.

मी सांगली-मिरजेत नाटकांचे आणि गाण्याच्या मैफलींचे फोटो काढते. ५ नोव्हेंबरचा रंगभूमी दिन, मग हौशी नाट्यस्पर्धेची फेरी, मधे एकांकिका, असा सगळा हिवाळा नाट्यगृहात जातो. प्रयोग सुरू झाला की जागेवरून हलायचं नाही, फ्लॅश नाही, आवाज नाही. विष्णुदास भावे नाट्यमंदिरात मी वाटेच्या कडेची खुर्ची धरते आणि पायांच्या मधे मोनोपॉड, म्हणजे एकाच पायाची आधाराची काठी, उभा करते. रंगमंचावर दोघं बोलत असतात तोवर आडवी चौकट पुरते. त्यातला एक उठून पुढे येतो, प्रकाश त्याच्यापुरता आक्रसतो, स्वगत सुरू होतं, आणि आता चौकट उभी हवी असते. मधे मिळतो जेमतेम एक श्वास.

कॉलर नसेल तर कॅमेरा उभा करायला मोनोपॉडवरचं हेड, म्हणजे ज्यावर कॅमेरा बसतो तो कलणारा भाग, नव्वद अंशांत बाजूला पाडावं लागतं. मग बॉडी आणि लेन्स मिळून दीड किलोचं ओझं काठीच्या एका बाजूला लोंबतं. लेन्स आधीच्या जागेपासून बाजूला आणि खाली सरकते, पुढच्या रांगेतलं डोकं चौकटीत येतं, ते चुकवायला मोनोपॉड उचलावा लागतो. एवढं होईपर्यंत ज्या वाक्यासाठी चौकट बदलायला घेतली ते वाक्य होऊन गेलेलं असतं. कॉलर असली की काठी जिथे आहे तिथे, लेन्सचा मध्यही तिथेच. बॉडी तेवढी त्या मध्याभोवती फिरते. नटाचा चेहरा व्ह्यूफाइंडरमधून सुटतच नाही.

मैफलीत हे आणखी जाणवतं. मिरजेच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ दरवर्षी संगीत सभा होते. तिथे श्रोत्यांमधे जमिनीवर बसून फोटो काढायचे. गाणाऱ्याचा हात आणि चेहरा आडव्यात छान बसतो, पण मागच्या दोन तानपुऱ्यांसकट तो हवा असेल तर उभ्याशिवाय गत्यंतर नाही, कारण तानपुरा मांडी घालून बसलेल्या माणसाच्या डोक्यावर बराच वर जातो. जमिनीवर बसल्यावर मोनोपॉड आखडून अगदी छोटा केलेला असतो. त्या अवस्थेत हेड पाडलं तर कॅमेरा शेजाऱ्याच्या गुडघ्यावरच येतो.

एल-ब्रॅकेट, म्हणजे बॉडीला लावायची एल आकाराची प्लेट, घ्या, कॉलर कशाला, असं काही जण सुचवतात. निसर्गचित्रं काढणाऱ्यांसाठी एल-ब्रॅकेट खरोखर उत्तम आहे. पण त्यात कॅमेरा क्लॅम्पमधून, म्हणजे हेडवरच्या पकडीतून, पूर्ण काढून, वळवून पुन्हा बसवायचा असतो. उजेडात, ट्रायपॉडवर, निवांत वेळ असताना ठीक. ब्लॅकआउटमधे मांडीवर सुटा कॅमेरा घेऊन खाच चाचपायची माझी तयारी नाही.

आता रिंगांकडे वळते.

पहिली रिंग ऑनलाइन घेतली, साडेअकराशेला. नाव सांगत नाही, कारण सांगून उपयोगही नाही. हाच साचा वेगवेगळ्या नावांनी, कधी बिननावाने विकला जातो, आणि एकाच नावाखाली पुढच्या वेळी वेगळा माल येतो. दिसायला ती छान होती. पांढरा रंग, चकचकीत नॉब, आत काळ्या कापडासारखं अस्तर. लेन्सवर चढवली, नॉब कसला, हलवून पाहिली, तसूभर हलेना. पैसे वसूल असं कोणालाही वाटेल.

नॉब सैल करून बॉडी फिरवली तेव्हा गोष्ट वेगळी निघाली. आडव्यातून उभ्याकडे जाताना पहिला अर्धा भाग अगदी ढिला, मग एकदम अडकल्यासारखी, जोर लावला की कर्र असा आवाज करून सुटणार. अडकू नये म्हणून नॉब आणखी सोडला तर दुसऱ्या टोकाला बॉडी आपल्या वजनाने झुकायला लागते. नाट्यगृहातल्या शांततेत तो कर्र आवाज दोन रांगा पुढे ऐकू जातो. कॅमेऱ्याचं सायलेंट शटर लावायचं आणि कॉलरने बोंब मारायची, याला काही अर्थ नाही.

असं का होतं हे मला कुपवाड एमआयडीसीतल्या एका लेथवाल्या काकांनी दाखवलं. त्यांनी रिंग हातात घेतली, कॅलिपर दोन बाजूंनी लावला आणि म्हणाले, "ताई, ही गोल न्हाई. दाबली की अंडं हुतंय हिचं." रिंग दोन अर्ध्या भागांची असते. एका बाजूला बिजागरी, दुसऱ्या बाजूला नॉबचा पेच. धातू पातळ असेल तर पेच आवळल्यावर वर्तुळ दबून लांबट होतं आणि लेन्सच्या नळीला सगळीकडून धरण्याऐवजी दोन-तीन ठिकाणीच चावतं. कसलेली असते तेव्हा त्या दोन-तीन जागाही पुरतात, म्हणून दुकानात ती घट्टच वाटते. सैल केली की मात्र एका कोनात मोकळी, दुसऱ्यात अडकलेली.

हे घरच्या घरी तपासता येतं. एसटीच्या तिकिटाच्या कागदाच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापा. रिंग आणि लेन्स यांच्यामधे एकेक पट्टी वेगवेगळ्या जागी घाला, नॉब नेहमीसारखा कसा आणि पट्टी ओढून पाहा. जिथे पट्टी सहज निघून येते तिथे रिंग लेन्सला टेकलेली नाही. माझ्या पहिल्या रिंगेत बिजागरीच्या दोन्ही अंगांना कागद आरामात निघत होता. चांगल्या रिंगेत तो सगळीकडे सारखाच धरला जातो, ओढला की फाटतो.

त्या रिंगेचं अस्तरही उन्हाळ्यात निघालं. गोंद पातळ झाला आणि कडेने बाहेर आला. लेन्सला चिकटलेला गोंद काढायला जो वेळ गेला तो वेगळाच. मिरजेत बाजाच्या पेट्या दुरुस्त करणाऱ्यांकडे बारीक फेल्ट मिळतं. ते आणून मी अस्तराच्या जागी लावलं. फिरणं झकास झालं, कर्र आवाज गेला, मधली अडकही बरीच गेली. पण फेल्ट दबतं. मोनोपॉडवर ते चालून जातं, कारण तिथे शेवटी आपला हातच सगळं धरून असतो. ट्रायपॉडवर तीच रिंग स्पंजावर ठेवल्यासारखी लवते. ज्यांचं काम ट्रायपॉडवरचं आहे त्यांनी फेल्टच्या वाटेला जाऊ नये.

दुसरी रिंग कॅननची स्वतःची, ट्रायपॉड माउंट रिंग ए-टू, पांढरी. ही माझी नव्हे. आमच्यातले एक दादा पक्ष्यांचे फोटो काढतात. त्यांच्याकडे ईएफ ४०० एफ/५.६ एल आहे आणि त्या लेन्सबरोबर हीच रिंग येते. ७०-२०० एफ/४ ला आणि ४०० एफ/५.६ ला एकच रिंग चालते हे पुष्कळांना माहीत नसतं. यातून दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. एक, जुन्या बाजारात ही रिंग शोधताना ७०-२०० च्याच नावाने शोधू नका. दुसरी, ४०० एफ/५.६ चं वजन १२५० ग्रॅम आहे. त्या लांब लेन्सचा भार जी रिंग पेलते तिच्यासाठी आपली ७६० ग्रॅमची लेन्स काहीच नाही. म्हणून ही रिंग छोटी आणि साधी दिसली तरी तिच्या ताकदीबद्दल शंका नको.

दादांकडून ती मागून आणली आणि एका दोन अंकी नाटकाला वापरली. फिरण्यात हिला तोड नाही. नॉब किंचित सोडला की बॉडी आडव्यातून उभ्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच दाबाने जाते, कुठेही सैल नाही, कुठेही अडत नाही, आवाज शून्य. यामुळे मला एक सवय लावून घेता आली. नॉब पूर्ण कसायचाच नाही. बॉडी स्वतःहून झुकणार नाही पण हाताने ढकलली की फिरेल, इतपत कसून ठेवायचा. मग स्वगताच्या वेळी नॉबला हातच लावावा लागत नाही. उजव्या हाताने ग्रिप वर उचलली की चौकट उभी. पहिल्या रिंगेत हे अशक्य होतं, कारण तिथे प्रत्येक कोनाला दाब वेगळा. रिंगेची बांधणी चांगली की वाईट हे मी आता याच एका गोष्टीवरून ठरवते.

हिचा पाय मात्र आर्का पद्धतीचा, म्हणजे तिरक्या कडांनी थेट क्लॅम्पमधे बसणारा, नाही. सपाट बूड आणि पेचाचं भोक. आर्का क्लॅम्प वापरणाऱ्याला खाली वेगळी प्लेट लावावी लागते. साधी प्लेट एका पेचावर असते आणि एका पेचावरची कोणतीही गोष्ट कधी ना कधी फिरतेच. प्लेटच्या टोकाला पायाला टेकणारी उभी कड असेल तर हे टळतं. कॉलर घ्यायची तर अशी कडवाली प्लेटही धरूनच बजेट करा. आणि किंमत. रंग दिलेल्या एका गोल धातूसाठी एवढे पैसे मोजताना जीवावर येतं. तेवढ्यात बरा मोनोपॉड येतो. ती जुनी, चांगल्या अवस्थेतली मिळाली तर डोळे झाकून घ्यावी. नवीच हवी असेल तर एक लक्षात ठेवा: या लेन्सच्या २०१८ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून कॅननच्या पांढऱ्या रंगाची छटा बदलली आणि रिंगेच्या नावातही पांढऱ्या रंगासाठीच्या डब्ल्यूच्या जागी डब्ल्यू-टू आलं. काम दोन्हींचं तेच. रंग जुळावा असं वाटत असेल त्यांनीच तेवढं बघावं.

तिसरी रिंग मी सध्या वापरते. हीही तयार करणाऱ्याच्या नावाने ओळखावी अशी नाही. पण ती मी ऑनलाइन न घेता पुण्यात दुकानात जाऊन, लेन्स सोबत नेऊन, काउंटरवर फिरवून घेतली. साधारण अडीच हजारांना. दुकानदाराने तीन रिंगा समोर ठेवल्या. तिन्ही एकाच मालाच्या, एकाच खोक्यातल्या. त्यातल्या दोन फिरवताना मधे अडखळत होत्या, तिसरी सरळ गेली. या किमतीच्या मालात नगागणिक फरक पडतो, म्हणून लेन्स सोबत नेल्याशिवाय घेऊ नका. दुकानदार कुरकुरतात, पण देतात करून.

हिची भिंत पहिलीपेक्षा जवळजवळ दुप्पट जाड आहे. आत कापड नाही, नायलॉनच्या गुळगुळीत पट्ट्या आहेत आणि त्या गोंदावर नाहीत, खोबणीत बसवलेल्या आहेत. उन्हात निघण्याचा प्रश्न नाही. नॉब मोठा, कडा दातेरी. ऑक्टोबरात घामेजलेल्या हातानेही पकडता येतो, थंडीत हातमोजा घालूनही. नॉबच्या पेचाचे आटे पितळी बुशात, म्हणजे आत बसवलेल्या पितळी नळीत, आहेत. ॲल्युमिनियममधे थेट पाडलेले आटे रोजच्या आवळासोडीने झिजतात आणि मग नॉब नुसता गोल फिरत राहतो. घेताना नॉब पूर्ण काढून आत डोकवा, पिवळा बुश दिसला तर चांगली खूण.

पाय आर्का पद्धतीचाच आहे, त्यामुळे प्लेटची भानगड संपली. आर्काची खाच कडांवरून दोन्ही बाजूंनी पकडली जाते, म्हणून त्यात फिरण्याला वावच नाही. पायाच्या दोन्ही टोकांना खालून छोटे अडसर-पेच आहेत. क्लॅम्प चुकून ढिला राहिला तरी कॅमेरा घसरून बाहेर पडत नाही. ते पेच काढून फेकू नका. काही क्लॅम्पमधे ते आडवे येतात, तेव्हा क्लॅम्प बदला.

वाईट बाजूही आहे. रंग लेन्सच्या रंगाशी जुळत नाही, निळसर पांढरा आहे, आणि कडेने टवके उडून आतला धातू दिसायला लागला आहे. पायाच्या खाचेच्या कडा हाताला टोचतील इतक्या धारदार होत्या. बारीक पॉलिश पेपरने मीच घासून घेतल्या. फिरण्यात ती कॅननच्या रिंगेच्या जवळ येते, बरोबरी करत नाही. साधारण साठ-पासष्ट अंशांवर दाब किंचित वाढतो. सवयीने तो हाताला कळेनासा होतो, पण तो आहे.

तिन्ही रिंगा ट्रायपॉडवर लावून मी एक साधी चाचणी केली. तीही करून बघण्यासारखी आहे. रात्री गच्चीवर ट्रायपॉड लावला, लेन्स २०० वर, लांबच्या मोबाइल टॉवरचा लाल दिवा लाइव्ह व्ह्यूमधे दहापट मोठा करून घेतला, आयएस (लेन्समधली थरथर कमी करणारी यंत्रणा) बंद. मग हूडला बोटाने हलकी टिचकी मारायची आणि दिवा किती वेळ नाचतो ते बघायचं. कॉलरशिवाय, बॉडी प्लेटवर असताना, दिवा सगळ्यात जास्त वेळ डोलतो. कारण सगळी लेन्स ट्रायपॉडच्या पुढे लोंबत असते आणि हेड तिच्याखाली लवत राहतं. म्हणूनच बॉडीवर बसवलेला कॅमेरा लॉक केल्यावर चौकट केसभर खाली उतरते, हे ज्यांनी अनुभवलं आहे त्यांना मी काय म्हणते ते कळेल. कॅननची रिंग आणि जाड रिंग, दोन्हींत दिवा पटकन थांबला. फेल्टवाली पातळ रिंग मात्र नुसत्या बॉडीपेक्षा फार काही बरी ठरली नाही. म्हणजे वाईट कॉलर लावली तर कॉलर नसल्यासारखंच, वर तिचं वजन अंगावर.

यात बिजागरी आणि रिंग जितकी महत्त्वाची तितकीच पायाची मान. रिंग आणि पाय यांना जोडणारा तो अरुंद भाग लांब आणि बारीक असेल तर सगळा थरथराट तिथूनच येतो. निकॉनच्या जुन्या ३०० एफ/४ एएफ-एस लेन्सच्या कॉलरबद्दल वापरणाऱ्यांमधे हीच तक्रार होती आणि कर्क कंपनीने त्या लेन्ससाठी वेगळी, भक्कम कॉलर बाजारात आणली. मोठ्या कंपनीची आहे म्हणजे बरोबरच असेल, असं धरून चालू नये. अंगठा आणि तर्जनीत पाय धरून दोन्ही बाजूंना मुरगळून पाहा. मान लवत असेल तर हाताला लगेच कळतं.

तोल हा माझ्या जोडणीचा नशिबाचा भाग आहे. माझी बॉडी सिक्स-डी मार्क टू, बॅटरी-कार्डासकट ७६५ ग्रॅम. लेन्स ७६०. दोन्ही सारख्या वजनाच्या, आणि कॉलर बसते ती लेन्सच्या मागच्या अंगाला, जवळजवळ दोन्हींच्या मधोमध. या लेन्सची लांबी झूम करताना बदलत नाही, सगळी हालचाल आतल्या आत होते, म्हणून ७० वर साधलेला तोल २०० वरही तसाच राहतो. झूम करताना जिची नळी पुढे येते अशा लेन्सवर कॉलर लावली तर तोल मधेच बिघडतो, तिथे या सगळ्याचा अर्धाच फायदा.

एक गोष्ट जिवावर बेतू शकते म्हणून सविस्तर सांगते. बिजागरीच्या रिंगेत फिरवण्यासाठी सैल करायचा नॉब आणि रिंग उघडण्याचा नॉब एकच असतो. अंधारात जास्त फिरवला तर रिंग उघडते आणि दीड किलोचा कॅमेरा खाली. जाड रिंगेत नॉब सैल केल्यावर तो बाहेर ओढल्याशिवाय रिंग उघडत नाही. ही सोय नसलेली रिंग कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका. सोय असली तरी पाव फेऱ्याच्या पुढे नॉब सोडण्याची गरज पडता कामा नये. पडत असेल तर ती रिंग गोल नाही. आणि कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात किंवा मनगटाला असू द्या.

आणखी एक छोटा उपाय. या रिंगांना नव्वद अंशांवर टक्‌ करून थांबणारा टप्पा नाही. उजेडात खुणेची रेघ दिसते, ब्लॅकआउटमधे काय दिसणार? मी रिंगेच्या कडेवर एम-सीलचा ज्वारीच्या दाण्याएवढा ठिपका बसवला आणि लेन्सच्या नळीवर कापडी टेपच्या दोन बारीक पट्ट्या लावल्या, एक आडव्यासाठी, एक उभ्यासाठी. अंगठा फिरवला की ठिपका पट्टीसमोर आला का ते कळतं. एम-सील लेन्सवर लावू नका, निघत नाही. रिंगेवर खुशाल लावा.

हातात धरून काढायची वेळ आली, म्हणजे प्रयोगानंतर पडद्यामागे किंवा सत्काराच्या वेळी, तेव्हा पाय तळहाताखाली येतो आणि झूमच्या रिंगेपर्यंत बोटं नीट पोचत नाहीत. रिंग फिरवून पाय वर करायचा. मग तो उचलायला मूठ म्हणूनही चालतो. पाच मिनिटांसाठी रिंग काढत बसू नये.

दुसऱ्या लेन्सवाल्यांसाठी थोडक्यात. निकॉनची ७०-२०० एफ/४ आणि ३०० एफ/४ पीएफ, दोन्हींना आरटी-वन हीच कॉलर चालते आणि तीही वेगळीच घ्यावी लागते. टॅमरॉनच्या १००-४०० ची कॉलर वेगळी विकतात, पण तिचा पाय आर्काचा आहे. सिग्माची डीएसएलआरसाठीची १००-४०० घ्यायच्या विचारात असाल तर आधीच समजून घ्या, तिला कॉलर बसवण्याची सोयच नाही. कॅननच्या १०० एमएम एल मॅक्रोला रिंग डी लागते. फुलं आणि किडे टिपणाऱ्यांनी ती जरूर घ्यावी, कारण मॅक्रोत हेड पाडून कॅमेरा उभा केला की चौकट नुसती सरकत नाही, फुलासकट सगळं हरवतं.

ज्यांचं काम दिवसाउजेडी, हातात कॅमेरा धरून होतं, लग्नाचे, सभांचे, खेळांचे फोटो काढणारे, त्यांनी या लेन्ससाठी कॉलर घेऊ नये. तिचं वजन पदरात पडेल, उपयोग नाही. मोनोपॉड किंवा ट्रायपॉड महिन्यातून चारदा तरी बाहेर निघत असेल तरच तिचा विचार करा. आधी कॅननची जुनी मिळते का बघा. नाही मिळाली तर जाड भिंतीची, नायलॉन पट्ट्यांची, आर्का पायाची घ्या, आणि तीही लेन्स सोबत नेऊन.

कॅननच्या आर मालिकेच्या मिररलेस बॉडीवर ॲडॅप्टर लावून ही लेन्स वापरणाऱ्यांना एक फरक पडतो. ॲडॅप्टरमुळे बॉडी २४ मिलिमीटर मागे जाते आणि तोल मागच्या बाजूला सरकतो. आर्काचा पाय लांब असेल तर तो क्लॅम्पमधे तेवढा पुढे सरकवून तोल परत साधता येतो. एकाच भोकाच्या आखूड पायाला ती सोय नसते, म्हणून ॲडॅप्टरवाल्यांनी रिंग निवडताना पायाची लांबी आधी मोजावी.